विष्णुपंत दामले : पडद्यावरच्या पांडुरंगाचे कारागीर

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला महामार्ग इंदापूर मागे टाकून भीमा ओलांडतो आणि माढा तालुक्यातील टेंभुर्णीला येतो. सोलापूरचा प्रवासी येथून सरळ पुढे जातो. पंढरीचा प्रवासी उजवीकडे वळून करकंबच्या वाटेला लागतो. उजनी धरणामुळे आज हा पट्टा उसाने हिरवा दिसतो. परंतु धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले. त्यापूर्वी हा मुलूख पावसाच्या भरवशावर जगणारा आणि दुष्काळाची ओळख असलेला होता. अशा मुलखातल्या माणसाला विठोबा हा वादाचा किंवा सिद्धांताचा विषय कधीच नव्हता. तो घरचा देव होता. प्रसंगी ज्याच्याशी भांडावे असा.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जत्रांमध्ये आणि बाजाराच्या गावी तंबू ठोकून फिरते सिनेमे दाखवले जात. पंढरीच्या वाटेवरच्या अशा प्रेक्षकासमोर विठोबाचा चित्रपट घेऊन जाणे म्हणजे एका परीने परीक्षाच होती. शहरातला समीक्षक फार तर चित्रपटाला नावे ठेवील. येथला प्रेक्षक मात्र देव खोटा वाटला तर उठून जाईल. या परीक्षेला पूर्णपणे उतरलेला चित्रपट म्हणून 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'चे नाव घ्यावे लागते. त्याच्या दिग्दर्शकद्वयापैकी एक होते विष्णुपंत गोविंद दामले.

चित्रपट आणि तत्त्वज्ञान यांच्या नात्याचा अभ्यास आज जगभरच्या विद्यापीठांत केला जातो. त्याचा आरंभ साधारणपणे युरोपातून सांगितला जातो. फ्रेंच तत्त्वज्ञ आन्री बर्गसाँ याने १९०७ मध्ये मानवी बुद्धीच्या कार्यपद्धतीची तुलना सिनेमायंत्राशी केली. बुद्धी वाहत्या वास्तवाची स्थिर चित्रे टिपते आणि ती जोडून गतीचा आभास निर्माण करते, असे त्याच्या प्रतिपादनाचे सार होते. १९१६ मध्ये ह्यूगो म्युन्स्टरबर्ग या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या मानसशास्त्रज्ञाने चित्रपटावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे आंद्रे बाझँ, स्टॅनली कॅव्हेल, जील दलझ अशी ही परंपरा वाढत गेली. दामले यांच्याजवळ तत्त्वज्ञानाची पदवी नव्हती आणि त्यांनी या विषयावर ग्रंथही लिहिला नाही. ते कॅमेरा, रसायने आणि ध्वनियंत्रे हाताळणारे तंत्रज्ञ होते. तरीही चित्रपटाने तत्त्वविचार करावा तो कसा, या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले सर्वांत भरीव उत्तर त्यांच्या हातून घडले.

कोल्हापूरची शाळा

दामले यांचा जन्म १८९२ मध्ये पेण येथे झाला. तरुणपणी ते कोल्हापुरात आले आणि आनंदराव व बाबूराव मेस्त्री या चित्रकार बंधूंच्या सहवासात पडले. पुढे 'पेंटर' या नावानेच ओळखल्या गेलेल्या या दोघांचा त्या काळी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवण्यात लौकिक होता. राजवाडा, अरण्य, नदीचा काठ असे रंगभूमीवरचे सारे विश्व कापडावर उभे करण्याची ती कला होती. सपाट पृष्ठभागावर खोलीचा भास कसा निर्माण होतो, प्रकाश कोठून आला म्हणजे रंग जिवंत होतो, हे धडे दामले यांना येथे मिळाले.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रदर्शित झाला आणि कोल्हापूरच्या या कलावंतांनाही चलच्चित्राने झपाटले. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा हाताशी नव्हता. तेव्हा कॅमेरा आपणच बनवावा, असे आनंदरावांनी ठरवले. १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम अर्धवट राहिले. बाबूराव पेंटर आणि दामले यांनी ते नेटाने पूर्णत्वास नेले. याच खटाटोपातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये तिचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' पुण्यात झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा 'सिनेमाकेसरी' या पदवीने गौरव केला तो याच चित्रपटासाठी.

कॅमेरा घडवणाऱ्या माणसाची चित्रपटाकडे पाहण्याची दृष्टी इतरांहून वेगळी असते. पडद्यावर हलणारा माणूस खरा नाही, स्थिर चित्रांची ती एक मालिका आहे, हे त्याला केवळ ऐकून नव्हे, तर स्वतःच्या हातांनी ठाऊक असते. तरीही तेच चित्र पाहताना त्याचाही ऊर भरून येतो. आभास कसा तयार होतो हे माहीत असूनही आभासाचा परिणाम टळत नाही. वेदान्ताची चर्चा करणारे शतकानुशतके ज्या प्रश्नापाशी अडले, तो दामले यांच्या रोजच्या कामाचा भाग होता.

महाराष्ट्र फिल्म कंपनीतच त्यांची जोडी कागलच्या शेख फत्तेलाल यांच्याशी जमली. चित्रपटसृष्टीत 'साहेबमामा' म्हणून ओळखले जाणारे फत्तेलाल अव्वल दर्जाचे चित्रकार आणि कलादिग्दर्शक होते. दोघांनी मिळून १९२८ मध्ये 'महारथी कर्ण' हा मूकपट दिग्दर्शित केला. एक ब्राह्मण कुटुंबातला, दुसरा मुसलमान. एक यंत्र आणि तंत्र सांभाळणारा, दुसरा रंग आणि रेषा. ही मैत्री दामले यांच्या अखेरपर्यंत टिकली आणि पुढे मराठी संतांच्या चरित्रपटांवर दोघांचीही नावे एकत्र लागली.

प्रभातचा उदय

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार होते. पहिला मूकपट 'गोपालकृष्ण' त्याच वर्षी आला. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटाने प्रभातचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या बोलपटाच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामले यांच्यावर होती. देशात बोलपट नुकताच रांगू लागला होता आणि ध्वनीचे शास्त्र शिकवणारी शाळा कोठेही नव्हती. जे काही शिकायचे ते काम करता करताच शिकावे लागे.

बोलपटात ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशरेषांच्या रूपाने नोंदवला जातो. गाणे यंत्रात शिरते, उजेड आणि अंधार यांच्या बारीक पट्ट्यांत रूपांतरित होते आणि चित्रपटगृहात पुन्हा गाणे होऊन बाहेर पडते. रूप आणि नाद या दोहोंचे मूळ एकाच प्रकाशात सापडावे, ही गोष्ट ध्वनिमुद्रकाच्या नित्य अनुभवाची होती. दामले यांनी यावर कधी प्रवचन केले नाही. परंतु पुढे त्यांनी अभंगाला आपल्या चित्रपटात जे स्थान दिले, त्यामागे या जाणकारीचा वाटा मोठा होता.

१९३३ मध्ये प्रभातने आपला मुक्काम कोल्हापूरहून पुण्यात हलवला. एरंडवण्याच्या मोकळ्या माळावर भव्य चित्रपटनगरी उभी राहिली. 'अमृतमंथन', 'धर्मात्मा', 'अमरज्योती' अशा चित्रपटांमुळे शांताराम यांच्या दिग्दर्शनाचा देशभर बोलबाला झाला. संत एकनाथांच्या जीवनावरील 'धर्मात्मा'मध्ये बालगंधर्वांनी नाथांची भूमिका केली होती. त्याचे मूळ नाव 'महात्मा' होते. सेन्सॉरच्या हरकतीमुळे ते बदलावे लागले. अस्पृश्यतेच्या प्रश्नाला हात घालणाऱ्या या चित्रपटात संतविचाराची सामाजिक बाजू प्रखरपणे मांडलेली होती. तुकोबांच्या चरित्राकडे वळताना दामले आणि फत्तेलाल यांनी मात्र निराळी वाट निवडली.

ग्रंथातले तुकोबा, चित्रातले तुकोबा

तो काळ महाराष्ट्रात संतवाङ्मयाच्या तात्त्विक अभ्यासाचाही होता. अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्यापन करणारे गुरुदेव रा. द. रानडे यांचा महाराष्ट्रातील साक्षात्कारवादावरील इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. सोलापूरहून विजापूरकडे जाताना लागणारे निंबाळ हे रानडे यांचे साधनास्थान. ज्ञानेश्वरांचा साक्षात्कार बौद्धिक, नामदेवांचा लोकाभिमुख, एकनाथांचा समन्वयशील, तुकारामांचा व्यक्तिनिष्ठ आणि रामदासांचा कर्मप्रधान, अशी त्यांची मांडणी प्रसिद्ध आहे. तुकोबांचा सारा झगडा एका माणसाच्या अंतरंगातला आहे. त्यात शंका आहे, निराशा आहे आणि दीर्घ प्रतीक्षेनंतरचे समाधान आहे, हे रानडे यांनी अभंगांच्या आधारे दाखवले.

ग्रंथानंतर तीनच वर्षांनी चित्रपट आला. ग्रंथकाराला अंतरंगाविषयी थेट लिहिता येते. कॅमेऱ्याला मात्र समोर जे असेल तेच दिसते आणि देव काही कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहत नाही. मग पडद्यावरचा चमत्कार ही केवळ युक्ती ठरणार. ती युक्ती करणारा तंत्रज्ञ तर ती युक्ती आहे हे पुरते जाणतो. अशा वेळी भाविकाला फसवल्याचा दोष चित्रपटाकडे येत नाही काय? आणि चमत्कार गाळून टाकले, तर वारकऱ्यांच्या मनातले तुकोबा उरतात काय? हा पेच केवळ तंत्राचा नव्हता. दृश्य आणि अदृश्य यांचे नाते काय, या प्रश्नाचेच ते चित्रपटाच्या भाषेतले रूप होते.

शिवराम वाशीकर यांच्या पटकथेने आणि दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाने हा पेच ज्या साधेपणाने सोडवला, त्यातच या चित्रपटाचे मोठेपण आहे. त्यांनी चमत्कार टाळला नाही आणि त्याचा देखावाही मांडला नाही. ज्या उजेडात देहूचे घर दिसते, त्याच उजेडात चमत्कार घडतो. जात्याजवळ बसलेली बाई, गोठ्यातली म्हैस, रिकामे मडके आणि इंद्रायणीतून वर आलेल्या वह्या या सर्वांकडे कॅमेरा सारख्याच स्थिर, निवांत नजरेने पाहतो. वेगळे जग दाखवायचे म्हणून वेगळी नाट्यमय प्रकाशयोजना येथे नाही. त्यामुळे प्रेक्षकाला चमत्कार बाहेरून लादल्यासारखा वाटत नाही. ज्या जगात भूक आहे त्याच जगात कृपाही आहे, एवढेच तो सांगतो.

जिजाईचा प्रश्न

तरीही 'संत तुकाराम' हा केवळ श्रद्धेचा चित्रपट असता, तर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी त्याची इतकी दखल घेतली नसती. त्याचा खरा कणा आहे जिजाई. तुकोबांची ही पत्नी परंपरेने कजाग म्हणून रंगवलेली. चित्रपटात गौरी या अभिनेत्रीने ही भूमिका केली. पडद्यावरची तिची जिजाई पाहिली की कजागपणाचा जुना शिक्का पुसला जातो आणि उरते ती लेकरांच्या पोटाची चिंता वाहणारी एक कष्टकरी बाई. नवरा देवाच्या नादी लागला म्हणून चूल थांबत नाही, हे तिला कळते. मुलाच्या आजारपणाने पिचलेली जिजाई पायताण हाती घेऊन थेट देवळात शिरते आणि विठोबाला जाब विचारते. हा प्रसंग पाहताना चित्रपटगृहातल्या भाविकांना देवाचा अपमान झाल्यासारखे वाटले नाही. उलट तिच्या रागातही त्यांना नाते दिसले. देव आहे असे मानल्यावाचून कोणी त्याच्याशी असे भांडत नाही.

तत्त्वज्ञानात संशयाला महत्त्वाचे स्थान आहे. या चित्रपटात संशय कोणा पंडिताच्या तोंडी नाही. पंडित येथे निश्चयी आहेत. तुकोबांचे अभंग आपलेच म्हणून खपवणारा सालोमालो आणि वह्या नदीत बुडवण्याची आज्ञा देणारा रामेश्वर भट यांना कसलीच शंका नाही. शंका आहे ती जिजाईला, आणि ती तर्कातून नव्हे, रिकाम्या डब्यातून जन्मलेली आहे. छत्रपती शिवाजी महाराजांकडून आलेला नजराणा तुकोबा परत करतात तेव्हा प्रेक्षकाचे मन दुभंगते. विरक्तीचे मोल त्याला पटते आणि जिजाईचे दुःखही. दिग्दर्शक यांपैकी कोणा एकाच्या बाजूने निकाल देत नाहीत. तुकोबांच्या घरात दुष्काळाने माणसे गेली होती, हा इतिहास आहे. कोरडवाहू मुलखातल्या प्रेक्षकाला हा पेच समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

शेवटी गरुडविमान तुकोबांना घेऊन वैकुंठाला निघते. तुकोबांच्या निर्याणाविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत आणि ते राहतीलही. चित्रपट परंपरेची कथा स्वीकारतो; परंतु जिजाईला विमानात बसवून सुखान्त साधत नाही. ती जमिनीवरच राहते. आकाशात जाणारा संत आणि अंगणात उरलेली बाई या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, असे सांगून चित्रपट संपतो. घर आणि वैकुंठ यांतले हे अंतर भरून काढण्याचा सोपा मार्ग दिग्दर्शकांनी घेतला नाही, ही त्यांची प्रामाणिकता होय.

अभंगाचे स्थान

तुकोबांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांची निवड झाली. पागनीस पूर्वी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असत. त्यांच्या चेहऱ्यातला आणि आवाजातला मार्दव चित्रपटाला लाभला. पुढे लोक त्यांनाच तुकोबा मानून त्यांच्या पाया पडत. केशवराव भोळे यांच्या संगीताने अभंग सभागृहातल्या मैफलीकडे न नेता चालत्या-बोलत्या जीवनात ठेवला. लोक काम करता करता अभंग गुणगुणतात, वाटेने जाताना गातात. गाणे थांबले तरी त्याची लय कामात चालूच राहते. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना तर इतकी एकरूप झाली, की अनेकांनी ती तुकोबांचीच समजली.

तुकोबांना अद्वैत ठाऊक होते. परंतु भक्तीचा आनंद घेण्यासाठी देव आणि भक्त हे दोनपण त्यांना हवे होते. चित्रपट पाहणाऱ्याची अवस्थाही काहीशी अशीच असते. समोर कापडाचा पडदा आहे हे तो जाणतो आणि तरी त्या जाणिवेसह रडतो, हसतो, हात जोडतो. चित्रपट सुरू होताना प्रेक्षकांनी पादत्राणे काढून ठेवल्याच्या आणि पडद्याला नमस्कार केल्याच्या हकिकती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांना अडाणी म्हणून हिणवणे सोपे आहे. देवळातली मूर्ती दगडाची आहे हेही त्या माणसांना ठाऊक होतेच. दगडात देव पाहण्याची सवय असलेल्या दृष्टीला कापडावरच्या प्रकाशात देव पाहणे अवघड गेले नाही.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात 'संत तुकाराम' प्रदर्शित झाला आणि वर्षभराहून अधिक काळ चालला. १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली. ज्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि विठोबा कोण हे माहीत नव्हते, अशा परीक्षकांपर्यंतही देहूच्या घरातली गोष्ट पोचली.

भिंत, रेडा आणि चिद्विलास

या यशानंतर दामले-फत्तेलाल यांनी १९३८ मध्ये 'गोपालकृष्ण' बोलपटाच्या रूपाने पुन्हा केला आणि १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' हा चित्रपट दिला. शाहू मोडक यांनी ज्ञानेश्वरांची भूमिका केली. भिंत चालवणे, रेड्याच्या मुखी वेद हे प्रसंग पडद्यावर आणताना प्रभातच्या तंत्रज्ञांनी आपले सारे कौशल्य पणाला लावले. चमत्कारांचा थाट येथे 'तुकाराम'हून मोठा आहे आणि जिजाईसारखा विरोधी सूर नसल्यामुळे चित्रपटाची तात्त्विक धार काहीशी बोथट झाली आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि विषयाची निवड अर्थपूर्ण होती.

शांकर वेदान्तात जगाच्या आभासासाठी दोरीवर भासणाऱ्या सापाचा दृष्टान्त दिला जातो. प्रकाश आला की साप नाहीसा होतो. 'अमृतानुभवा'त ज्ञानेश्वरांनी वेगळी भूमिका घेतली. जग हे अज्ञानातून आलेले मिथ्या दृश्य नसून चैतन्याचाच तो विलास आहे, अशी त्यांची मांडणी मराठी तत्त्वचर्चेत चिद्विलासवाद म्हणून ओळखली जाते. चित्रपटाला हे दोन्ही दृष्टान्त लावून पाहण्यासारखे आहेत. पहिल्यानुसार पडदा खरा आणि चित्र खोटे. दुसऱ्यानुसार चित्र म्हणजे प्रकाशानेच घेतलेले रूप. प्रकाशाला वगळले तर चित्र नाही आणि चित्राला खोटे म्हणावे तर प्रकाशालाही खोटे म्हणावे लागेल. 'संत तुकाराम'मधली मडकी, म्हशी, मुले आणि देव ज्या समान ममत्वाने दिसतात, ते पाहता हा चित्रपट दुसऱ्या विचाराच्या जवळचा आहे असे म्हणता येते.

१९४१ च्या 'संत सखू'मध्ये दिग्दर्शनात दामले आणि फत्तेलाल यांच्याबरोबर राजा नेने होते आणि सखूची भूमिका हंसा वाडकर यांनी केली. सासरचा छळ सोसणारी सखू पंढरीला जाते आणि तिच्या जागी विठोबा सखूचे रूप घेऊन घरकाम करतो, अशी ही लोकप्रिय कथा. जिजाईने देवाला विचारलेल्या प्रश्नाचे जणू हे उत्तर होते. देव वैकुंठातून पाहत न बसता घरातल्या कामाला हात लावतो. पंढरीच्या वाटेवरच्या प्रत्येक घरातल्या बाईला ही कथा आपली वाटावी यात नवल नाही.

मावळती

याच सुमारास प्रभातचे घर मात्र विस्कटू लागले. धायबर पूर्वीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांतारामही वेगळे झाले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिराची स्थापना केली. पाच जणांनी उभारलेल्या संस्थेतले एकोप्याचे दिवस संपले. ५ जुलै १९४५ रोजी पुण्यात विष्णुपंत दामले यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ५२ वर्षांचे होते. फत्तेलाल त्यांच्यामागे १९६४ पर्यंत जगले. पुढल्या दशकात प्रभातचे दरवाजेही बंद झाले.

योगायोग असा, की त्याच १९४५ साली फ्रान्समध्ये आंद्रे बाझँ यांचा छायाचित्रातील प्रतिमेच्या स्वरूपाविषयीचा गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रतिमेत मूळ वस्तूचा अंश कसा उतरतो आणि म्हणून तिच्यावर आपला विश्वास का बसतो, याची चर्चा त्यात आहे. चित्रपटाच्या तत्त्वज्ञानाचा तो एक पायाभूत लेख मानला जातो. दामले यांचे आणि त्याचे कसलेही नाते नव्हते. परंतु बाझँ जो प्रश्न शब्दांत मांडत होते, त्याला दामले-फत्तेलाल यांनी नऊ वर्षे आधी देहूच्या एका घराच्या चित्राने स्पर्श केला होता.

प्रभातच्या जागेचे भाग्यही विलक्षण ठरले. १९६० मध्ये त्याच वास्तूत केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. सतीश बहादूर यांनी तेथे चित्रपटाचा आस्वाद कसा घ्यावा, याचे पद्धतशीर अध्यापन केले आणि चित्रपट हा गंभीर अभ्यासाचा विषय आहे ही जाणीव अनेक पिढ्यांत रुजवली. याच संस्थेत शिकलेले दिग्दर्शक कुमार शहानी यांनी प्रभातच्या संतपटांवर चिंतनपर लेखन केले. कलासमीक्षक गीता कपूर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात 'संत तुकाराम' आणि सत्यजित राय यांचा 'देवी' हे दोन चित्रपट शेजारी ठेवून साक्षात्कार आणि संशय यांचा विचार केला. 'देवी'मध्ये सासऱ्याच्या स्वप्नामुळे एका तरुण सुनेवर देवत्व लादले जाते आणि त्यातून तिचा सर्वनाश ओढवतो. एका चित्रपटात श्रद्धा माणसाला मोकळे करते, दुसऱ्यात ती माणसाचा बळी घेते. दोन्ही पाहिल्यावाचून भारतीय मनाचा विचार पुरा होत नाही.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या अनेक चित्रपटांच्या मूळ फिती तिच्या भक्ष्यस्थानी पडल्या. दामले यांच्या काळातली फिल्म मुळातच ज्वालाग्राही पदार्थाची असे. सुदैवाने 'संत तुकाराम' प्रतींच्या रूपाने टिकून राहिला. वह्या नदीत बुडाल्या तरी अभंग लोकांच्या मुखी तरले, असे तुकोबांच्या बाबतीत सांगतात. त्या कथेवर चित्रपट करणाऱ्याच्या कामाच्याही वाट्याला असाच प्रसंग यावा, हा योग विसरता येण्यासारखा नाही.

प्रभातच्या इतिहासात शांताराम यांचे नाव जेवढे घेतले जाते, तेवढे दामले यांचे घेतले जात नाही. त्यांची भव्य स्मारके नाहीत. एरंडवण्यातल्या प्रभात रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी कितीकांना त्यांचे नाव आठवत असेल, हा प्रश्नच आहे. पण टेंभुर्णीच्या फाट्यावरून पंढरीकडे वळणाऱ्या वाटेवर आजही दरवर्षी माणसे चालतात. त्यांच्यात तुकोबांसारखे देहभान हरपलेले असतात आणि घरी राहिलेल्या लेकराची काळजी वाहणाऱ्या जिजाईही असतात. या दोघांनाही एकाच उजेडात पाहावे आणि एकासाठी दुसऱ्याला खोटे ठरवू नये, हा विष्णुपंत दामले यांच्या चित्रपटाचा तत्त्वविचार आहे. तो त्यांनी पडद्यावर मांडला आणि तेथेच तो अजून वाचता येतो.